मागे राहणाऱ्याची किल्ली

माझा अपराध एका वाक्यात मावतो, आणि तरीही तो उच्चारायला मला फार काळ लागला. एका भल्या म्हाताऱ्याला मी एक अख्खी दुपार, जग संपले आहे, असे वाटू दिले.

तो म्हातारा म्हणजे आमचे कंट्रोलरमामा. नाशिकमधल्या आमच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचे मला आठवत नाही. उभी नोकरी त्यांनी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून केली. काचेच्या खोलीत बसायचे, माइक तोंडाशी धरायचा आणि सिन्नरची, घोटीची, दिंडोरीची गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे ते पुकारायचे. निवृत्तीबरोबर माइक सुटला, पुकारा सुटला नाही. गाडी तेवढी बदलली. मामा आता प्रभू येशूच्या द्वितीयागमनाचा पुकारा करू लागले.

रविवारी उपासना संपत आली, मंडळींनी उठून आपल्या विश्वासाची साक्ष देण्याची वेळ झाली, की तिसऱ्या बाकावरून मामा उठत. एक हात नकळत तोंडापाशी जाई. "मंडळींनी लक्ष द्यावं," ते म्हणत. "गाडी तिकडून सुटलेली आहे. पोहोचलेली नाही, एवढंच. सामान घ्यायचं नाही. आणि खिडकीतून रुमाल टाकून कोणी जागा धरायची नाही, जागा आधीच ठरलेल्या आहेत." तरुण मुले मागून विचारीत, "मामा, टायमिंग काय?" त्यावर त्यांचा स्वर जराही चढत नसे. "ते देवाच्या पुत्रालाही ठाऊक नाही, तर चौकशीच्या खिडकीला काय ठाऊक असणार? तू फलाटावर ये. चहा प्यायला लांब जाऊ नकोस."

ज्याचे कान आकाशाकडे लागलेले आहेत त्याच्यासाठी नाशिक हे सोपे शहर नव्हे. ओझरच्या बाजूने लढाऊ विमाने उठतात तेव्हा घराच्या काचा थरथरतात. देवळालीकडे तोफांचा सराव सुरू झाला की भांड्यांवर भांडी वाजतात. यातला कोणताही आवाज आला की मामा ताटावरून उठत, हात धूत, सदऱ्याचे वरचे बटण लावीत आणि अंगणात जाऊन उभे राहत. आतून मामींचा आवाज येई, "अहो, तोफा आहेत. आमटी निवतेय." मामा थोडा वेळ वर पाहत आणि परत येत. त्यांच्या चेहऱ्यावर निराशा कधी दिसली नाही. गाडी दुसरीच निघाली, इतकेच. टाळेबंदीत आकाश मोकळे झाले, सगळी वस्ती भीतीने घरात बसली, तेव्हा मामा मात्र रोज धुतलेला सदरा घालून तयार असत. "इतकी शांतता म्हणजे पुढची लाइन क्लिअर केलेली दिसते," असे त्यांचे अनुमान होते.

त्यांना एकच काळजी होती, कोंबड्यांची. विश्वासणारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच स्वर्गात उचलले जाणार, पण कोंबड्या खालीच राहणार. त्यांना दाणे कोण टाकणार? घरातला गॅस कोण पाहणार? या दुसऱ्या प्रश्नावर मामी चिडत. "मी काही गॅस चालू ठेवून वर जाणारी बाई नव्हे. आधी बटण बंद करीन, मग जाईन." पण कोंबड्यांचा प्रश्न उरलाच. घराची एक किल्ली मागे राहील अशा माणसाकडे असायला हवी, असे मामांनी ठरवले आणि तसा माणूस ते मनापासून शोधू लागले. दूधवाला म्हणाला, "निघायच्या आदल्या दिवशी सांगा म्हणजे झालं, दूध बंद करतो." आदल्या दिवशी कळणार नाही, हे त्याला पटवता पटवता मामा दमले. मग ते वस्तीच्या कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या चाचांकडे गेले. चाचांनी पिठाचे हात झटकले आणि म्हणाले, "मामा, ईसा तो हमारे यहाँ भी आनेवाले हैं. त्या दिवशी मी तुमच्या कोंबड्यांना दाणे टाकत बसू का?" मुसलमानही येशूच्या येण्याची वाट पाहतात, हे मामांना नवीन होते. ते पावाची लादी घेऊन परत आले.

पुढच्या रविवारी, उपासना सुटल्यावर, सगळ्यांदेखत त्यांनी ती किल्ली माझ्या हातात ठेवली.

मी तेव्हा मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, चिटणीस होतो. शास्त्रपाठ मी वाचत असे, बैठकांची इतिवृत्ते मी लिहीत असे. मामा मोठ्या समाधानाने म्हणाले, "हा प्रामाणिक माणूस आहे, किल्ली सांभाळेल. आणि हा इथंच असणार." लोक हसले. उपासना चालवणारे पाळकसाहेब हसले, माझी पत्नीही हसली. मीही हसलो. त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, हेच मला अधिक लागले. स्टँडवर कोण कोणत्या गाडीचा प्रवासी आहे ते चेहऱ्यावरून ओळखण्याची त्यांना सवय होती, आणि माझ्याबाबत त्यांचे चुकले नव्हते. माझी प्रार्थना तेव्हा ओठांच्या आत जात नसे. ते मला ठाऊक होते, पण दुसऱ्या कोणाला ठाऊक असावे अशी माझी तयारी नव्हती. मी किल्ली माझ्या जुडग्यात अडकवली आणि तिच्याबरोबर राग सांभाळू लागलो.

नंतरच्या मे महिन्यात वस्तीतल्या एका मुलीचे लग्न घोटीला होते. पाळकसाहेबांपासून लहान मुलांपर्यंत सगळे सकाळी बसने गेले. माझा पाय मुरगळलेला असल्याने मी घरी राहिलो. मामा चार दिवस सिन्नरला लेकीकडे होते आणि तिथून परस्पर लग्नाला जाणार असे ठरले होते. लग्न दुसऱ्या दिवशी आहे अशा समजुतीने ते भर दुपारी घरी आले, मामी शेजारी गेल्या असतील असे समजून नुसते लोटलेले दार उघडून पलंगावर आडवे झाले आणि झोपले. मग ओझरच्या बाजूने एक विमान असे काही गडगडत गेले की माझ्या फळीवरची बरणी सरकली.

मामा जागे झाले. पलंगाच्या कडेला मामींचे रोजचे पातळ गळून पडल्यासारखे होते, घाईत बदललेले. दाराशी त्यांच्या रोजच्या चपला होत्या. मामा स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद होता. त्यांनी शेजारी हाक मारली, पलीकडे मारली, आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात जाऊन मारली. अख्ख्या वस्तीत एक माणूस नाही. शेवटी ते माझ्या दारात आले, आणि मला खुर्चीत बसलेला पाहताच त्यांची उरलीसुरली शंका फिटली.

"तू आहेस," ते म्हणाले. "म्हणजे झालं."

मला एका क्षणात सगळे उमगले. 'मामा, आज घोटीला लग्न नाही का' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होते. मी ते गिळले. कपाळावर हात ठेवून मी म्हणालो, "मामा, मीही हाका मारून थकलो. कोणीच नाही हो."

ते रडतील, छाती पिटतील, आणि मग मी त्यांना किल्ली दाखवून 'तुम्हीही इथंच' म्हणेन, असे काहीसे मी मनात रचले होते. मामा उंबऱ्यावर बसले. थोड्या वेळाने उठले आणि मलाच पाणी आणून दिले. "घाबरू नकोस चिटणीस. शेवटची गाडी चुकलेल्या माणसाला स्टँडवर एकटं सोडायचं नसतं. मी आहे." मग ते कामाला लागले. माझ्याच स्वयंपाकघरात त्यांनी खिचडी टाकली आणि डाव हलवता हलवता पुढच्या सात वर्षांच्या संकटकाळाची आखणी मला समजावून सांगितली. "ख्रिस्तविरोधी येईल, प्रत्येकाच्या हातावर आपला आकडा टोचायला बघेल. तू अंगठा कुठंही लावायचा नाहीस. बँकेत नाही, रेशनच्या दुकानातसुद्धा नाही."

"मग खायचं काय मामा?"

"कोंबड्या आहेत," मामा म्हणाले. "बघ, किल्ली तुझ्याकडेच निघाली की नाही?"

मी त्यांची खिचडी खाल्ली. आणि वर मीठ कमी आहे असेही म्हणालो.

आणखी कोणी मागे राहिले असेल तर त्याला कळावे, म्हणून मामा देवळाची घंटा वाजवायला गेले. लंगडत जाऊन मी त्यांना गाठू शकलो असतो. मी दारात उभा राहिलो. घंटा बराच वेळ वाजत होती. ती वाजत असतानाच लग्नाची बस आवारात शिरली. पुढून पाळकसाहेब पायघोळ पांढऱ्या झग्यात उतरले, त्यांच्यामागे जरीचे लुगडे नेसलेल्या, गजरा माळलेल्या मामी, आणि मग बाकीची सारी मंडळी, उन्हाने आणि जेवणाने तांबूस झालेली. मामांच्या हातात घंटेचा दोर तसाच होता. त्यांनी अत्यंत हळुवारपणे विचारले, "पाळकसाहेब, तुम्हालाही परत पाठवलं?"

"मग काय हो!" पाळकसाहेब घाम पुसत म्हणाले. "हॉलवाल्याला संध्याकाळचं दुसरं लग्न होतं. धड बसूसुद्धा दिलं नाही."

मामी पुढे झाल्या. "आणि तुम्ही कुठं होतात? तुमची वाट बघता बघता बिर्याणी संपली!"

वस्ती त्या प्रसंगावर पुढे कित्येक दिवस हसली. मामाही हसले. पत्नीने मला विचारले, "तुम्ही त्यांना सांगितलं कसं नाही?" मी म्हणालो, "सांगेपर्यंत ते घंटेकडे गेले होते." हे दुसरे खोटे पहिल्यापेक्षा सहज बाहेर आले. मामा तर जो भेटेल त्याला सांगत, "हा पोरगा होता सोबत, म्हणून निभावलं." मी पन्नाशी ओलांडलेला पोरगा, मान खाली घालून ते ऐकत असे.

पण त्या दिवसानंतर रविवारचा पुकारा थांबला. साक्षीची वेळ आली की तिसरा बाक गप्प असे. विमान गेले तरी मामा ताटावरून उठत नसत. एकदा मी विचारलेच. ते म्हणाले, "लग्नाचं कळलं, ते बरं झालं. पण चिटणीस, आपण मागे राहिलो असं वाटलं ना, तेव्हा मला नवल नाही वाटलं रे. मनात आलं, बरोबर आहे. आता मी कोणत्या तोंडानं लोकांना फलाटावर बोलावू?" ते उत्तर मी घरी नेले आणि मला ते कुठेही ठेवता येईना. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांना गाडीची खात्री दिली, त्याची स्वतःच्या जागेची खात्री मी माझ्या एका रुसव्यापायी काढून घेतली होती.

मामा गेले ते एका साध्या दुपारी, झोपेत. आकाश निरभ्र होते आणि ओझरकडून काहीही उडाले नव्हते. त्याच्या आधीच्या रविवारी मात्र, बऱ्याच काळानंतर, उपासनेला उचलून आणलेल्या खुर्चीत बसूनच त्यांनी हात तोंडाशी नेला होता आणि म्हटले होते, "मंडळींनी लक्ष द्यावं. गाडी वेळेवर आहे." लोकांना वाटले, नव्या गोळ्या लागू पडल्या. मला त्यामागची एक सकाळ ठाऊक आहे.

त्या सकाळी मामा अंगणात उन्हाला खाट टाकून पडले होते. डॉक्टरांनी आता घरीच असू द्या म्हटले होते. कान जवळजवळ गेले होते. मी खाटेपाशी बसलो आणि माझ्या नेहमीच्या आवाजात, ज्या आवाजात मी आयुष्यभर सगळे नीट झाकून ठेवले, त्या आवाजात बोलू लागलो. मामांनी कानामागे हात धरला. "काय?" मी पुन्हा बोललो. "मोठ्यानं बोल. फलाटावर आवाज असतो."

मी उभा राहिलो. "मामा, त्या दिवशी सगळे लग्नाला गेलेत हे मला ठाऊक होतं! मी मुद्दाम खोटं बोललो!"

कोंबड्या दाही दिशांना पळाल्या. मामी डाव घेऊन बाहेर आल्या. पावाची टोपली घेऊन चाललेले चाचा फाटकाशी सायकलवरून उतरले.

मामांनी कानामागचा हात काढला. "म्हणजे तू घाबरलेला नव्हतास?"

"नाही!"

"आणि मी तुला अंगठा लावू नकोस म्हणून सांगत होतो?"

"हो!"

"खिचडीत मीठ खरंच कमी होतं?"

"नाही!"

त्यांचे पोट हलू लागले. हसू आवरल्यावर त्यांनी हात पुढे केला. "किल्ली दे." मला वाटले, संबंध तुटला. मी जुडग्यातून किल्ली सोडवून त्यांच्या तळहातावर ठेवली. मामांनी फाटकाकडे पाहून आवाज दिला, "चाचा, याला आता मागे राहणाऱ्यांत धरता येत नाही. दुसरा माणूस बघावा लागणार."

"अब किसको पकडोगे, मामा?" चाचा म्हणाले. "दाराला लावून ठेवा ना. ज्याला भूक लागेल तो येईल, कोंबड्यांनाही टाकेल."

मामांनी मान डोलावली, किल्ली उशीखाली सरकवली आणि डोळे मिटले. मी निघायला वळलो, तेव्हा ते अगदी हळू म्हणाले, जणू मामींना ऐकू जाऊ नये म्हणून, "घंटेकडे गेलो होतो ना मी, ते रडायला गेलो होतो. तुझ्यासमोर रडलो असतो तर तू खचला असतास."

आणि मला उमगले की मी घडले ते सांगितले होते, मागायचे ते मागितलेच नव्हते. मी खाटेपाशी गुडघे टेकले, त्यांच्या कानाशी तोंड नेले, आणि देवळापर्यंत, बेकरीपर्यंत, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडलो, "मामा, मला क्षमा करा!"