विहिरीच्या श्वासाचा पाइप

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पत्नी होती तेव्हा तिला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगणं माझं कर्तव्य होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे — तुमची-माझी ओळख नाही, बहुधा म्हणूनच.

आधी इतरांच्या कहाण्या निकालात काढतो. त्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तंजावरच्या आमच्या गल्लीत सेल्वराजच्या परसातली जमीन खचली, त्याला आता बरीच वर्षं झाली. तरुण मंडळी म्हणतात, तिथे राजवाड्यापासून मोठ्या देवळापर्यंत जाणारं भुयार होतं. राजांना आमच्या मोऱ्यांखालून देवदर्शनाला जाण्याची काय गरज पडली होती? कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणतो, नागाचा कोप. त्यालाही मी चारचौघांत गप्प केलेलं आहे. उरलेली गल्ली म्हणते, सेल्वराजने बोअरवेल घेतली, तिने पाण्याबरोबर खालची वाळू उपसली, आत पोकळी झाली आणि जमीन बसली. ही कहाणी मात्र कुणी खोडून काढत नाही. ती शास्त्राला धरून आहे. कावेरीच्या गाळात असं घडू शकतं. मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवत होतो, आणि ही कहाणी गल्लीला मीच दिली.

ती खोटी आहे. पण ते असं एका वाक्यात उरकता येणार नाही.

आमच्या परसात विहीर होती. आमच्या तंजावरी मराठी घरांत बाळंतीण पहिल्यांदा उंबरठा ओलांडते, ती विहिरीची पूजा करायला. माझ्या जन्मानंतर आईने त्याच काठाला हळदकुंकू वाहिलं होतं. विहीर बुजवणं म्हणजे तिचा जीव घेणं, असं ती मानायची. बुजवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर तळापासून नदीची वाळू भरायची, थरावर थर, प्रत्येक थरावर पाणी सोडत. आणि मधोमध एक पाइप जमिनीच्या वर उघडा ठेवायचा — विहिरीला श्वास घ्यायला. आमच्याकडच्या परसांत असे पाइप आजही दिसतात. परगावचा माणूस विचारतो, हे काय? आम्हाला त्यात विचारण्यासारखं काही वाटत नाही.

आई गेल्यावर परसाचा अर्धा भाग मी विकायला काढला. विहीर त्याच अर्ध्यात होती, नेमकी नैर्ऋत्य कोपऱ्यात. आणि वास्तुशास्त्र मानणारं कुणी त्या कोपऱ्यात विहीर असलेली जागा इथे घेत नाही. मी स्वतःला असल्या समजुतींच्या पलीकडचा म्हणवून घेत असे. मग विहीर सरळ वाळूने का भरली नाही? — काठाशी उभा राहिलो आणि हात उचलेना. त्या दगडावर आईची बोटं टेकलेली होती. आणि पाइप का ठेवला नाही? — पाइप दिसला असता, तर जागा विकली गेली नसती. श्रद्धा असलेल्या माणसाने पाइप ठेवला असता. श्रद्धा नसलेल्याने विहीर भरून टाकली असती. मी यांपैकी काहीच केलं नाही. बाहेरगावचे मजूर आणले, तोंडावर कडाप्पाच्या फरश्या टाकल्या, वर माती पसरली, क्रोटनची झाडं लावली. आतली विहीर तशीच राहिली — पोकळ आणि जिवंत.

आणि पाइप? पाइप मी माझ्या अर्ध्यात रोवला. निव्वळ मातीत. जुन्या लोकांना आठवण होती की राव सारांच्या, म्हणजे माझ्या, परसात विहीर होती; त्यांना दाखवायला काही हवं होतं. मध्ये भिंत पडून परसाचा नकाशाच बदलला होता, विहिरीची नेमकी जागा माझ्या बहिणीलाही ओळखू आली नाही; कुंभकोणमहून आली की ती त्या पाइपाला कुंकू लावून हात जोडायची. म्हणायची, "दादा, तू तोंडाने काय वाट्टेल ते बोलतोस, पण आईचं ऐकलंस बघ." मी तिथेच उभा असायचो.

जागा सेल्वराजने घेतली. शाळेत तमिळ शिकवणारा, माझ्याहून लहान, मला कायम 'सार' म्हणणारा माणूस. घर बांधलं, मागे बोअरवेल घेतली. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी ऐप्पसी महिन्यातली पावसाची झड उघडल्यावर त्याची बायको राजेश्वरी दोरीवर कपडे वाळत घालायला मागे गेली, आणि तिच्या पायाखाली फरशी तुटली.

तिची किंकाळी ऐकताच मला कळलं. तुम्ही विचाराल, कदाचित दुसरंच काही असेल असं क्षणभर तरी वाटलं का? नाही. क्षणभरही नाही.

तुटलेल्या फरशीचा तुकडा आत तिरका अडकला होता, त्यावर ती अडकली, म्हणून वाचली. मांडीचं हाड मोडलं. तिला वर काढून रिक्षात घातल्यावर सेल्वराज परत धावत आला, चपला राहिल्या होत्या म्हणून. चिखलाने भरलेला. खड्ड्याकडे बघून म्हणाला, "सार — माझ्या बोअरमुळे झालं का हे?"

त्यानेच विचारलं. मला काही रचावंही लागलं नाही. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "शक्य आहे." आणि मग, गल्ली जमली होती म्हणून, वाळू कशी उपसली जाते ते समजावून सांगितलं. उत्तम समजावलं. मी चांगलाच शिक्षक होतो. खड्ड्यातल्या विटा आणि फुटकी फरशी कुणीतरी दाखवली. जुन्या घराचा पाया आणि फरसबंदी, मी म्हणालो. ते दवाखान्यात असतानाच वाळू मागवली आणि खड्डा भरून घेतला — थरावर थर, पाणी सोडत. गल्लीने माझ्या तत्परतेची तारीफ केली.

सेल्वराजने बोअरवेल स्वतः बंद करून घेतली. राजेश्वरीचा पाय आखूड राहिला. निवृत्तीनंतर ती दोघं पापनाशमला लेकीकडे राहायला गेली. तरी सणासुदीला मला बोलावणं येतं. गेल्या महिन्यात त्यांच्या नातीच्या समारंभाला गेलो. मांडवाच्या पायऱ्या उतरताना सेल्वराजने राजेश्वरीचा दंड धरला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा सार, आमचे बोअरवाले! आधी खड्डा खणायचा, मग हात द्यायचा."

सगळे हसले. तोही हसला. "जन्मभर ऐकतोय, सार," म्हणाला, "आणि ऐकायलाच हवं." मग तिला खुर्चीत बसवून खाली वाकला आणि तिच्या चपलेचा पट्टा लावला. तिला वाकता येत नाही. तो रोज लावतो, लेक म्हणाली. रोज मनात माफी मागतो, हे ती म्हणाली नाही. मला ते दिसलं. वाकलेला माणूस जरा जास्त वेळ खाली राहतो.

मीही हसलो होतो. सर्वांबरोबर.

भीतीपोटी केलं म्हणू? भीती होती. पण नंतर इतकी वर्षं गेली, भीतीचं कारण कधीच संपलं होतं, आणि तरीही भुयारवाल्यांशी आणि नागवाल्यांशी मी तावातावाने भांडत राहिलो, सत्याची बाजू घेतल्याच्या आवेशात. बरोबर ठरण्याची मला चटक होती. तेवढ्यासाठी एका सज्जन माणसाला मी त्याच्याच बायकोचा गुन्हेगार करून ठेवला.

हे मराठीत लिहिण्याचं कारणही लपवत नाही. आमच्या गल्लीत देवनागरी वाचणारं आता कुणी नाही. सेल्वराजला तर अक्षरही लागणार नाही. म्हणजे हा कबुलीजबाबही मी आडोशाला बसूनच देतो आहे.

म्हणून उद्या सकाळच्या बसने पापनाशमला जाणार आहे. तिथे तमिळमध्ये सांगावं लागेल, तिच्यासमोर, त्याच्या तोंडावर. शब्द जुळवून ठेवले होते — परिस्थिती, आई, वास्तू — ते सगळे काढून टाकले. उरलं ते एवढंच: विहीर माझी होती. मी ती झाकली आणि तुम्हाला विकली. सेल्वराज, तुझ्या बोअरवेलने काहीही केलेलं नाही. राजेश्वरी, तुझा पाय मी मोडला.