मनाई दोघांनाही

परवा संध्याकाळी शेतावर गेले होते, केळापूरच्या बाजूला. ऊन कलतं होतं आणि धुऱ्याजवळची, बांधालगतची ती पट्टी कुसळी गवतानं नुसती चमकत होती... पाहतच राहिले.

ही पट्टी म्हणजे आमचं भांडण. एका बाजूला आमचं शेत, दुसऱ्या बाजूला चुलतकाकांचं, मधे मोहाचं एक जुनं झाड. बाबा गेल्यावर काका म्हणाले, जागा आमची. उन्हाळ्यात ते मोह पाडून जमीन सपाट करणार असं कळलं, आणि मी पांढरकवड्याला कोर्टात दावा टाकला.

आमच्या वकीलबाई स्पष्ट बोलतात. "पैशानं भरून निघणारं नुकसान असेल, तर तात्पुरती मनाई मिळणं कठीण. पण झाड पडलं, अन् मग तू केस जिंकलीस... तर ते उभं कोण करणार?"

मनाई मिळाली. पण दोघांनाही... दावा संपेपर्यंत जागा जैसे थे. काकांनी तोडायचं नाही, आम्ही पेरायचं नाही. परतताना बसमध्ये मी थोडी चिडलेलीच होते.

पाऊस आला. दोन्हीकडे कापूस लागला आणि ती पट्टी तशीच राहिली, आपल्या मनासारखी वाढत...

परवा तिथून तितरांची जोडी भुर्रकन उडाली. मान वर केली तर मोहापलीकडे काकू उभी. दावा टाकल्यापासून आमचं बोलणं बंद. मी वळले.

"थांब ना बाई. काहून पळून राह्यली?"

थांबले.

"तुये काका रोज येते इथं. झाडाकडं पाहात बसते. काल म्हणे, तोडला असता त आपल्याच जिवाले लागलं असतं." मग म्हणाली, "दोघं मिळून सरकारी मोजणी करू. जागा ज्याची निघन त्याची. झाड मात्र कोणीच तोडाचं नाही."

"काकांना चालेल?"

"त्यायनंच धाडलं मले."

मी मान डोलावली. मग आम्ही दोघी आपापल्या बांधावर टेकलो. ती तिकडं, मी इकडं. बाबांच्या, कापसाच्या पऱ्हाटीच्या, तिच्या गुडघ्याच्या गोष्टी करता करता अंधार पडला.

खरं कोण, ते कोर्टानं अजून सांगितलेलं नाही. आम्हाला वेळेवर थांबवलं तेवढं... त्याबद्दल मनापासून आभार.