तुरटीचं पाणी

माझं लग्न उशिरा झालं. बाळापूरजवळच्या आमच्या गावात आई वारली आणि धाकटी भावंडं माझ्या अंगावर पडली. ती हाताशी येईपर्यंत मी बावीस वर्षांची झाले. त्या सुमारास कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. हिवरखेडच्या एका घराला शेतात राबणारी दणकट सून हवी होती, म्हणून मला मागणी आली.

लग्नानंतर पहिल्या रात्री सासूनं बाजेवर नवंकोरं पांढरं धोतर अंथरलं. सकाळी अंगणात नेऊन तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं. त्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"बापानं एवढी घोडी घरात काहून ठेवली, ते आता समजलं मले," ती म्हणाली.

नवरा तिथंच बैलांना कडबा टाकत होता. त्यानं मान वर केली नाही. संध्याकाळी मात्र विचारलं, "कोन होता तो?"

"कोनी नव्हता."

"मंग रगत काहून नाही?"

मला काय ठाऊक? कित्येकींना ते येतच नाही, हे पुढे बायकांशी बोलता बोलता समजलं. तेव्हा मी फक्त नाही म्हणत राहिले, आणि तो रोज नव्यानं विचारत राहिला. माझा हात लागलेलं पाणी सासू ओतून टाकायची. शेतात जायला मात्र मीच लागायचे.

माझी नणंद विशी ओलांडलेली होती. पाळण्यात लग्न झालेलं. नवरा कसा दिसायचा हेही न कळता ती विधवा झाली होती. आता हाती पैसा आल्यावर अकोल्याच्या एका घरी तिचा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, ठरला. तिकडच्यांनी एकच विचारलं, पोर कोरी आहे ना?

सासूनं छातीवर हात ठेवून हो सांगितलं आणि घरी आल्यावर ती घाबरली. लेकीलाही रक्त आलं नाही तर, माझ्या बाबतीत अंगणात उभं राहून ती जे बोलली, तेच आता तिच्या लेकीला कुणी बोलेल. पाटाच्या आधी एका सकाळी मला न्हाणीतून कण्हणं ऐकू आलं. आत नणंद भिंतीला टेकून बसली होती, शेजारी तुरटीचं पांढरट पाणी.

"बाई, हे काय करून राहिल्या तुमी?"

"आईनं सांगतलं. यानं अंग आवळते म्हने. लय आग होते वयनी."

मी सासूकडे गेले. "मामी, पोरीले जखम होईन. बंद करा हे."

"तू नको शिकवू. तुह्यासारखी गत नाही होऊ देनार मी तिची."

अकोल्यात पाट लागला. सकाळी अंथरुणावर रक्त सापडलं आणि त्या घरानं गूळ वाटला. ते रक्त कशाचं होतं, ते मला ठाऊक होतं.

थोड्याच दिवसांत नणंदेला बैलगाडीत निजवून परत आणलं. अंग तापानं भाजत होतं, लघवीला बसताना ती पदर दातात धरायची. सुईणीनं तपासून सांगितलं, "आत सारं सोललं हाय."

सासू उंबऱ्यावर बसून राहिली. मी कडुनिंबाचं पाणी उकळून जखमा धुतल्या, पेज भरवली. माझा नवरा दाराशी येऊन म्हणाला, "मले काय मालूम, रगताचं असं असते."

"इचारलं तं रोज तुमी. सांगतलेलं ऐकलं नाही," मी म्हणाले. त्यानंतर त्यानं तो प्रश्न विचारला नाही. माफीही मागितली नाही.

नणंद वाचली. अकोल्याला परत गेली, पण नवरा जवळ आला की तिचं अंग लाकडासारखं व्हायचं. मूल झालं नाही. ज्यांनी गूळ वाटला होता, त्यांनीच तिला वांझ म्हणून माघारी धाडलं आणि दुसरी आणली. नणंद आमच्याकडे राहिली. माझ्यासोबत वावरात यायची, बोलायची, कधी हसायचीही. आईशी एक शब्द बोलली नाही.

सासू शेवटच्या दुखण्यात लेकीचं नाव घेत होती. मी नणंदेला बोलवायला गेले. ती अंगणात कापूस निवडत होती.

"तुमी पाजा पानी," ती म्हणाली.

मी पाजलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून.