जेवणानंतरची गोळी

"मिसेस जाधवांना इन्सुलिन सुरू करतो आहे," सर्जरीतले, म्हणजे इथल्या दवाखान्यातले, डॉक्टर फोनवर म्हणाले. "रोज डिस्ट्रिक्ट नर्स घरी जाईल."

"गोळ्यांनी भागत नाही?"

"डोस दुप्पट केला. रिपोर्ट आणखी वाईट आला. त्या गोळ्या नियमित नेतात ना?"

मी कॉम्प्युटरवर पाहिले. एकही महिना चुकला नव्हता.

"नेतात," मी म्हणालो. "आठवडाभर थांबा. मी त्यांच्याशी बोलतो."

लंडनमधल्या हॅरोमध्ये माझी लहानशी फार्मसी होती. इंग्लंडमध्ये साठी ओलांडलेल्या माणसाला प्रिस्क्रिप्शनचे पैसे पडत नाहीत. हिरव्या कागदावर जन्मतारीख छापलेली असते. ती पाहून आम्ही औषध देतो आणि आमचे पैसे सरकारकडून घेतो. व्यवस्था चांगली आहे. नेलेले औषध घेतले जाते, एवढे तिच्यात गृहीत धरलेले आहे.

त्या सुमारास फार्मसिस्टकडे एक नवे काम आले होते. पेशंटला आतल्या खोलीत बसवायचे आणि तो कोणते औषध कसे घेतो ते विचारायचे. त्याला मेडिसिन्स यूज रिव्ह्यू म्हणत. मी जाधववहिनींना निरोप दिला की घरात असतील नसतील तेवढी औषधे घेऊन या.

त्यांचे यजमान फोटो फिल्मच्या कारखान्यात होते. माझी त्यांच्याशी ओळख होती, म्हणून त्यांची पत्नी माझी वहिनी. जाधव वारल्यावर त्या घरात एकट्या राहत. मुलगा मिलिंद कॉव्हेंट्रीला.

वहिनी शॉपिंग ट्रॉली ओढत आल्या. मला वाटले, येताना भाजी घेतली असेल. त्यांनी ट्रॉली टेबलावर रिकामी केली. मेटफॉर्मिन. ग्लिक्लाझाइड. बहुतेक खोकी उघडलेलीसुद्धा नव्हती.

"वहिनी, हे काय?"

"उरलेल्या."

"या उरलेल्या नाहीत. या घेतलेल्याच नाहीत."

"घेते की. तुम्हीच लेबल लावलंय ना, भाऊजी? जेवणानंतर. जेवले की घेते."

"आणि जेवता कधी?"

त्या खोकी एकावर एक रचू लागल्या.

"वहिनी, काल दुपारी काय जेवलात?"

"चहा घेतला. दोन बिस्किटं."

"रात्री?"

"टोस्ट असेल. आठवत नाही."

"स्वयंपाक?"

"एकटीसाठी कुठे कुकर लावायचा?" मग त्या म्हणाल्या, "आयुष्यभर यांचं पान वाढलं. यांचं होत आलं की मग मी बसायची. आता कुणाच्या मागून बसू?"

मी तांत्रिक भागाकडे वळलो.

ग्लिक्लाझाइड ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. पोट रिकामे असेल तर साखर एकदम खाली येते. माणूस घामाघूम होतो, गोंधळतो, कोसळतो. म्हणजे उपाशीपोटी गोळी न घेण्यात वहिनींचे बरोबरच होते. उलट, त्यांनी ती दुप्पट डोसने उपाशीपोटी घेतली असती, तर घरातल्या फरशीवर पडल्या असत्या आणि उचलायला कोणी नव्हते. दुसरीकडे, गोड चहा आणि बिस्किटांवर साखर वाढतच होती. डॉक्टरांनी इन्सुलिन दिले असते तर तेही त्याच रिकाम्या पोटात गेले असते.

"नको होत्या तर नेल्या कशाला?"

"न्यायचं थांबवलं असतं तर सर्जरीत कळलं असतं. त्यांनी मिलिंदला फोन केला असता. तो म्हणेल, आई आता एकटी राहू शकत नाही. त्याच्याकडे सामानाची छोटी बॉक्सरूम रिकामी आहे." त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली. "घराची किल्ली माझ्याकडे राहू द्या, भाऊजी. दुसरं काही मागत नाही. डॉक्टरांना सांगू नका."

"डॉक्टरांना सांगावे लागेल."

"आणि मिलिंदला?"

"मुलाला सांगणे माझे काम नाही."

त्यांनी मान हलवली. औषधे टेबलावर तशीच ठेवून गेल्या. एकदा पेशंटच्या घरी जाऊन आलेले औषध दुसऱ्याला देता येत नाही, सीलबंद असले तरी. ते जाळायला पाठवावे लागते. मी पाठवले.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ग्लिक्लाझाइड पूर्वीच्या डोसवर आणतो. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. तोवर त्यांनी जेवले पाहिजे. नाही जेवल्या, तर नर्स पाठवीन आणि मुलालाही बोलवीन. कौन्सिलचा लंच क्लब आहे ना?"

लंच क्लब होता. आठवड्यातून एक दिवस वयस्कर माणसांना एकत्र जेवण. वहिनी एकदा गेल्या आणि दुसऱ्या दिवशी एकच्या सुमारास दुकानात सांगायला आल्या.

"कसा होता?"

"भाजी उकडलेली होती. गप्पाही तशाच. एक बाई मला विचारते, इंडियात खूप उकडतं ना? मी म्हटलं, हो. मग ती तिच्या कुत्र्याबद्दल बोलली."

"पुन्हा जाल?"

"कुत्रा बरा आहे म्हणे," त्या म्हणाल्या. म्हणजे जाणार नव्हत्या.

एक ते दोन दुकान बंद असे. जीन, माझी काउंटरवरची असिस्टंट, घरी जाऊन जेवून येई. मी मागच्या खोलीत उभ्यानेच सँडविच खात असे. माझी पत्नी जाधवांच्याही आधी गेली. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

वहिनींना माझ्या हातातले सँडविच दिसले.

"कागदातलं खाता, भाऊजी?"

"वेळ वाचतो."

"कुणासाठी वाचवता?"

दुसऱ्या दिवशी एकला पाच मिनिटे असताना त्या डबा घेऊन आल्या. भाकरी, मुगाची उसळ, लसणाची चटणी.

मी म्हणालो, "हे मला चालणार नाही. पेशंटकडून काही घ्यायचे नाही, असा माझा नियम आहे. फुकट तर नाहीच."

"आणि मी इतकी वर्षं गोळ्या फुकट नेते ते?"

"त्या सरकारच्या."

"भाकरी माझी आहे. सरकारला विचारायचं कारण नाही."

डबा एकाच माणसाचा होता. ते पाहून काय करायचे ते मला कळले.

"एका अटीवर," मी म्हणालो. "उद्यापासून दोन ताटे. दोघांनी एकाच वेळी बसायचे. माझे होत आल्यावर तुम्ही, हे चालणार नाही. आणि गोळी माझ्यासमोर घ्यायची."

"तुमच्याबरोबर बसू?"

"नाहीतर डबा परत न्या."

त्यांनी डब्याचे झाकण उघडले, लावले, पुन्हा उघडले. मग म्हणाल्या, "उद्या पिठलं करते."

रिव्ह्यूच्या खोलीतले टेबल अरुंद होते. बोलणे फारसे होत नसे. मिठाबद्दल होई, गुडघ्यांबद्दल होई. पहिल्या काही दिवसांत त्या माझा घास होईपर्यंत थांबत. मी चमचा खाली ठेवी. मग त्या खात.

जीन एकदा म्हणाली, "मिस्टर शिंदे, दुकानाला फोडणीचा वास येतो. खोकल्याच्या औषधाचा खप वाढेल."

तीन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला. ही तपासणी मागच्या काही आठवड्यांतली साखर कशी होती ते सांगते. साखर उतरली होती. डॉक्टरांनी फोन केला.

"इन्सुलिन रद्द. तुम्ही ब्रँड बदललात का?"

"नाही. त्याच गोळ्या."

"मग काय केलंत?"

"जेवलो," मी म्हणालो. त्यांना हा विनोद वाटला असावा. ते हसले.

किल्ली वहिनींच्या पर्समध्ये राहिली. मिलिंदला कधी कळले की नाही, मला माहीत नाही. पुढे गुडघे अगदीच चालेनात, तेव्हा त्या कॉव्हेंट्रीला गेल्या, पण स्वतः ठरवून. माझे दुकान मी एका मोठ्या कंपनीला विकले. कंपनी दुपारी दुकान बंद ठेवत नाही.

आता मलाही मेटफॉर्मिन आहे. वय पाहून फुकट मिळते. लेबलवर तेच वाक्य असते, जे मी हजारो खोक्यांवर चिकटवले. कॉव्हेंट्रीहून दुपारी एकला फोन येत असे. "बसलात का, भाऊजी?" मी म्हणे, "बसलो." तेवढेच बोलणे. तिकडे त्याही बसलेल्या असत.

मागच्या हिवाळ्यात फोन यायचा थांबला. नंतर एकदा मिलिंदने केला आणि कारण सांगितले.

मी दुपारी एकला टेबलावर बसतो. सँडविच ताटात काढतो. खाऊन झाल्यावर गोळी घेतो. औषध लेबलप्रमाणेच घ्यावे.