समुद्रावर धूळ नसते

संचालकांची नावं रंगवून रंगवून मला माणसांच्या नावांचीच किळस आली होती. आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यात मी पेंटर होतो. बैलगाड्यांवर नंबर टाकायचे, भिंतींवर सूचना लिहायच्या आणि दर निवडणुकीनंतर संचालक मंडळाचा बोर्ड खरवडून नव्यानं रंगवायचा, ही माझी कला. त्या दुष्काळात ऊस नव्हता. तोडणीच्या टोळ्या दुसऱ्या कारखान्यांवर निघून गेल्या होत्या आणि आमच्या ऊस टाकायच्या गव्हाणीत कुत्री झोपत होती. निवडणूक मात्र वेळेवर झाली. बंद कारखान्याचा नवा चेअरमन मला म्हणाला, "माझं नाव जरा ठळक काढ." डब्यात थुंकावंसं वाटलं. थुंकलो नाही, नाव ठळक काढलं.

त्याच रिकाम्या हंगामात मी विमान करायला घेतलं. प्लास्टिकचं, वीतभर. माझा थोरला भाऊ नेव्हीत मेकॅनिक होता, बोटीवरून उडणाऱ्या विमानांवर. निवृत्त होऊन तो पुण्याला राहायचा आणि वर्षातून एकदा घाटनांदूरला आमच्याकडं यायचा. मागच्या खेपेला त्यानं एक खोका माझ्या हातात दिला. आत त्याच्या विमानाच्या छोट्या नमुन्याचे सुटे भाग होते. "पेंटर म्हणवतोस ना?" तो म्हणाला. "माझं विमान होतं तसं करून दाखव. हुबेहूब."

या माणसानं माझ्या कामाला जन्मात कधी चांगलं म्हटलं नव्हतं. देवळाच्या कमानीवरचं माझं अक्षर लोक थांबून बघायचे, हा म्हणाला, "बरंय." बरंय! मला त्याच्या तोंडून एकदा "हुबेहूब" ऐकायचं होतं. पन्नाशी गाठलेल्या माणसाला अजून थोरल्या भावाची शाबासकी लागावी, याची मला लाज वाटायची. तरी ती पाहिजे होती.

भाग जोडले, सांधे पॉलिश पेपरनं घासले आणि रंगावर येऊन अडकलो. कारखान्याचा राखाडी रंग टाक्यांचा, तो चालेना. पांढऱ्यात काळा आणि थेंबभर निळा घालून तीनदा रंग जुळवला. थिनर घालून पातळ हात मारायचा, तो वाळेपर्यंत वाऱ्यानं त्यावर धूळ बसायची, मग पुन्हा घासायचं. त्या वर्षी सगळ्याच गोष्टींवर धूळ होती. भाकरीत कचकच लागायची.

एकदा चेअरमन रंगाच्या खोलीत डोकावला. "भारी हाय. शेपटीवर आपल्या कारखान्याचं नाव टाक, वार्षिक सभेला स्टेजवर ठेवू."

"साहेब, नेव्हीचं विमान हाय हे."

"मग काय झालं?"

"शेपटी बारीक हाय. एवढं मोठं नाव मावायचं न्हाई."

"मग नुसतं माझं टाक," तो म्हणाला, आणि तो चेष्टा करत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी विमान पिशवीत घालून घरी आणलं.

घरी खुणा चिकटवायचं काम काढलं. तिरंगी गोल, इंग्रजी अक्षरं, आकडे, हे सगळं खोक्यातल्या एका कागदावर पातळ पापुद्र्यात छापलेलं असतं. कागद पाण्यात भिजवायचा, पापुद्रा सुटला की ब्रशनं पंखावर सरकवायचा. पाणी म्हटल्यावर घरची उखडली. टँकर दर चौथ्या दिवशी यायचा, तोही गावाखालच्या खाऱ्या विहिरीवर भरून. माझी आई मरेपर्यंत डोक्यावरून त्याच विहिरीचं पाणी वाहायची, आणि आता तेच पाणी टँकरनं येतं म्हणून लोक रांगा लावत होते.

"अवो, प्यायला न्हाई आन् तुमी इमानाला पाजताय का?"

अर्ध्या वाटीत सगळं भागवलं. पण वाळल्यावर प्रत्येक खुणेभोवती पांढरी कड उमटली, आमच्या हंड्यांच्या आत धरते तशी. ओल्या फडक्यानं पुसलं की आणखी पांढरं. शेवटी बोटाला थुंकी लावून एकेक कड पुसली, तेव्हा गेली. आमच्या पाण्यापेक्षा माझी थुंकी स्वच्छ, हे त्या दिवशी कळलं. त्याच्या विमानाचा नंबर त्या कागदावर नव्हता. तो मी हातानं काढला आणि सगळ्यावर वॉर्निशचा हात दिला.

आता ते इतकं कोरं दिसायला लागलं की मला खोटंच वाटलं. कामाची वस्तू मळलेलीच असते. उसाचे ट्रक मी वीस वर्षं बघत आलो होतो. मग बॉयलरच्या धुराड्याची काजळी आणून धुराचे पट्टे ओढले. तेलाचे ओघळ दाखवायला मळी पातळ करून सोडली. धारूरच्या घाटातली धूळ आणली, फडक्यातून गाळली आणि पंखांवर हलक्या हातानं चोळली. विमान हंगामभर राबल्यासारखं दिसायला लागलं. सकाळी उठून बघतो तर मळीला मुंग्या लागलेल्या. शिसारी आली. सुईनं एकेक काढली. दोन पंखाखाली चिकटून मेल्या होत्या. त्या पत्र्यावरच्या रिव्हेटसारख्या दिसत होत्या, म्हणून तशाच ठेवल्या.

भाऊ आला तो पाण्याच्या सीलबंद बाटल्यांचा खोका खांद्यावर घेऊन. आमच्याकडं उंबऱ्यात आलेल्या माणसाला आधी लोटाभर पाणी देतात, मग बाकीचं बोलणं. घरचीनं लोटा पुढं केला. "नको, माझं आहे," म्हणून त्यानं बाटली फोडली. ती लोटा हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि मग तो खाली ठेवला. टँकरमागं घागर घेऊन धावलेल्या बाईच्या हातचं पाणी नाकारतो हा! मला त्याचं तोंड बघू नये असं झालं. तरीही मी आत जाऊन विमान आणलं, कारण मला तो शब्द पाहिजे होता.

त्यानं ते उजेडात धरलं आणि नाक मुरडलं.

"ही घाण कशाची?"

"धूळ. घाटातली."

"समुद्रावर धूळ कुठून येईल रे?"

मी समुद्र बघितला नव्हता. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बोटीवरच्या विमानाचा उसाचा ट्रक करून ठेवला होता.

"आन् ह्या मुंग्या?" तो म्हणाला. पुण्याची भाषा त्याच्या तोंडातून गळून पडली होती. "माझ्या ड्युटीला आसं इमान कदी हुबं ऱ्हायलं न्हाई. उडून आलं की पयलं धुवायचं. मीठ बसतं. मीठ पत्रा खातं."

"कशानं धुता, भाऊजी?" घरचीनं विचारलं.

"गोड्या पाण्यानं. पाइप लावून." एवढं बोलून तो थांबला. तिच्याकडं बघेना. "लई पाणी लागायचं. आईला हे कदी लिवलं न्हाई मी."

 मग त्यानं तोच नाकारलेला लोटा उचलला, परात ओढली आणि विमानावर बारीक धार सोडली. बोटानं चोळत, पंखाखाली, चाकांच्या खाचांत. काजळी गेली, मळी गेली, धूळ गेली, मुंग्या परातीत तरंगायला लागल्या. माझी सहा महिन्यांची मेहनत काळ्या पाण्यात गेली. वॉर्निशखालच्या खुणा तेवढ्या टिकल्या.

त्यानं विमान उंबऱ्यावर उन्हात ठेवलं. घडीभरात वाळलं. वाळलं तसे राखाडी रंगावर पांढरे डाग फुटले, नाकापासून शेपटीपर्यंत. तो वाकला. पंखाखालून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. जुनी सवय असावी.

"खारट हाय."

"पाणीच खारट हाय, दादा."

त्यानं विमान हातात घेऊन बराच वेळ फिरवलं.

"हुबेहूब," तो म्हणाला. "उडून आल्यावर अस्संच दिसायचं."

शब्द मिळाला. पण तो माझ्या हाताला नव्हता, आमच्या पाण्याला होता. जे समुद्र त्याच्या विमानाला करायचा, ते आमच्या विहिरीनं केलं होतं, आणि ते आम्ही रोज पीत होतो. मला आतून घाण वाटली.

"आई शेवटपर्यंत हेच पाणी प्यायची का रे?"

"हेच."

लोट्यात अर्धं पाणी होतं. त्यानं तो तोंडावर धरला आणि वरून ओतून सगळं प्याला. तोंड वाकडं केलं नाही.

"भाऊजी, आजून देऊ का?" घरचीनं विचारलं.

त्यानं लोटा पुढं केला.