हार्डडिस्कवाली

चोपड्याकडून बातमी आली की ललिता काविळीनं गेली. जळगावच्या त्या गल्लीत पानटपरीवर कोणीतरी विचारलं, "कोण ललिता?" दुसरा म्हणाला, "अरे, ती नाही का, हार्डडिस्कवाली." मग सगळ्यांना आठवलं. एक जण तर हसलाही.

लोटन नाना तिथंच बाकावर बसले होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, चारचौघांत तोंड न उघडणारा म्हातारा. त्यांच्या मनात आलं, आपल्याला तरी ती कुठं ठाऊक होती? मधे एक भिंत होती. भिंतीपलीकडून पाट्यावर मिरची वाटल्याचा आवाज यायचा आणि सणासुदीला दारातून "नाना, वाटी घ्या" अशी हाक यायची. तिला भावंडं किती, ती कधी गाणं म्हणते का, तिला काय खायला आवडतं, यातलं काहीच त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट पक्की माहीत होती, आणि ती गल्लीला नको होती.

ललिता चोपड्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. बाप आमश्या कोरडवाहू शेती करायचा, हंगामात मोहाची फुलं वेचायचा. नानांच्या भिंतीपलीकडचा फोटोवाला अभिमन तिकडे कुणाच्या लग्नाचं शूटिंग करायला गेला आणि स्वतःचंच लग्न ठरवून आला. त्याची आई शेवंताबाई धुळ्याकडची, जिभेनं तिखट. तिला ही सून कधी पचली नाही. "डोंगरमाईन आनेल शे," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, जणू सुनेऐवजी लाकडाची मोळीच आणली होती.

पुढच्या खोलीत अभिमनचा स्टुडिओ. कॅमेऱ्यावर त्याचा हात हलका, पण कॉम्प्युटरवर दांडगा. लग्नाचं शूटिंग बाहेरच्या हार्डडिस्कमध्ये भरायचं, कॅमेऱ्याची कार्डं पुसायची आणि पुढच्या लग्नाला पळायचं, अशी त्याची रीत. डिस्कचा दिवा लुकलुकत असतानाच तो वायर झटक्यानं ओढायचा, चुलीतून जळतं लाकूड ओढावं तशी. त्या उन्हाळ्यापासून डिस्क जोडली की कॉम्प्युटर अडकू लागला होता. पडदा निळा पडायचा. मग अभिमन डब्याला चापट्या मारायचा, बटण दाबून बंद करायचा, पुन्हा चालू करायचा.

"शिवी दिल्याशिवाय उठत नाही, बैलासारखा," असं म्हणून तो गिऱ्हाइकाला हसवायचा.

"आज पण बंद पडला का हो?" ललितानं एकदा विचारलं.

"तू भाकरी बघ. करपली तर तिला चापट मारून चालत नाही."

त्या डिस्कमध्ये सावद्याच्या भिकमचंद शेठच्या लेकीचं, रिद्धीचं लग्न होतं. शेठचा केळीचा मोठा व्यापार. उन्हाळ्यातल्या लग्नाची फिल्म त्यांना दिवाळीच्या आत हवी होती आणि अभिमन आज-उद्या करत होता. तेवढ्यात दसरा आला.

दसऱ्याला ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा. सुतार करवत पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो. शेवंताबाईनं ओट्यावर बसून सुनेला हुकूम सोडला, तो अख्ख्या गल्लीनं ऐकला: "बठ्ठा यंत्रस्ले हळद-कुंकू लाव. झेंडूनं फूल पानीम्हा बुडाईसन शिंपड. बठ्ठास्ले, हं! एक बी सोडू नको."

ललितानं एकही सोडलं नाही. कॅमेरा, कॉम्प्युटर, प्रिंटर, आणि टेबलावर पडलेली ती काळी डिस्क. डिस्कला तिनं हात जोडून नमस्कारही केला. घराचं पोट त्या डबीत आहे, एवढं तिला कळत होतं.

संध्याकाळी अभिमननं डिस्क जोडली. कॉम्प्युटर अडकला, निळा पडला, उठला, आणि त्यानं विचारलं, ही डिस्क वाचता येत नाही, दुरुस्त करायची का? अभिमननं डिस्क हातात घेतली. वायर जाते त्या तोंडाशी कुंकू होतं.

"कोणी केलं हे?"

ललिता दारात आली. तिच्या हाताला अजून हळद होती.

"आईंनी सांगितलं म्हणून..."

"मी?" शेवंताबाई उसळली. "मी फक्त हळद-कुंकू सांगं. पानी कोनी सांगं तुले?"

आवाज ऐकून गल्लीतले चार लोक जमले होते, नानाही दाराशी आले होते. त्यांनी जन्मात क्वचित केलं असेल ते केलं. ते हळूच म्हणाले, "अक्का, पाण्याचंही तुम्हीच म्हणाला होतात."

"नाना, तुम्हले कथाईन ऐकू येस? मांगला हप्ताम्हा तं घंटागाडी बी ऐकू उनी नही!"

लोक हसले. नाना घरात गेले.

चार दिवसांनी भिकमचंद शेठ स्वतः आले. अभिमननं ललिताला आतून बोलावून त्यांच्यापुढे उभं केलं. "ही बघा शेठ. हिनं ओवाळलं तुमच्या लेकीच्या लग्नाला."

शेठनी तिच्याकडे पाहिलं, रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "भाऊ, आम्ही पण दिवाळीला वहीपूजन करतो. वही पाण्यात नाही बुडवत."

हे वाक्य दुपारपर्यंत गल्लीभर झालं. बायका तिला हळदी-कुंकवाला बोलवेनात. बोलावलं तर "टीव्ही झाका गं" म्हणून एकमेकींना कोपरानं ढोसत. शेवंताबाईनं तिच्याकडून देवाचा दिवा काढून घेतला. "तुन्हा हात नको, बाई." आणि एका सकाळी अभिमननं तिची पिशवी ओट्यावर ठेवली.

"डिस्क उघडली, फिल्म मिळाली, की ये. तोपर्यंत तुझ्या बापाकडं राहा."

ललिता रडली नाही. जाताना नानांच्या दाराशी थांबली. "नाना, तुम्ही लेकीकडं धुळ्याला जाता ना? तिथं डिस्क दुरुस्त करणारा आहे म्हणतात. यांना सांगून घेऊन जा ना." मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या हातून झालं. पण मुद्दाम नाही केलं."

नाना घेऊन गेले. अभिमननं डिस्क जुन्या टॉवेलात गुंडाळून दिली, दुखणाईत मांजर द्यावं तशी.

धुळ्यात पुनीत नावाचा मारवाडी तरुण असली कामं करायचा. त्यानं डिस्कचं कवच उघडलं, भिंगातून पाहिलं, ब्रशनं तोंड साफ केलं. "कुंकू इथंच आहे, बाहेर. आत पाण्याचा थेंब गेलेला नाही," तो म्हणाला. मग त्यानं डिस्क आपल्या यंत्राला जोडली आणि नानांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं नानांना खुर्ची दिली. "नाना, हे दुखणं दसऱ्याचं नाही. उन्हाळ्यापासूनच्या फाइली अर्ध्या लिहिलेल्या आहेत. कोणी लिहीत असताना त्याच्या हाताखालची पाटी ओढली तर काय होईल? ज्यांची डिस्क आहे, ते वायर तशीच ओढत आलेत. त्यानंच कॉम्प्युटर बंद पडायचा. आणि डिस्क वाचेना, तेव्हा आधी तिची कॉपी काढायची का नाही? तर त्यांनी 'दुरुस्त करा'वर हो म्हटलं. त्यात सगळी नावं पुसली गेली."

"म्हणजे कुंकवानं..."

"कुंकवानं काही झालं नाही. कुणाला दोष दिलाय का?"

पुनीतनं बहुतेक सगळं लग्न परत काढलं होतं. नावं नसलेल्या फाइलींचा ढीग, पण त्यात वरात होती, फेरे होते, जेवणावळी होत्या. फक्त विदाई गेली होती.

परतीच्या गाडीत नाना टॉवेल मांडीवर घेऊन बसले होते. मनातल्या मनात ते वाक्य जुळवत होते. अशी चांगली बातमी पोचवायची त्यांची पहिलीच वेळ होती.

स्टुडिओत फाइली उघडल्या तेव्हा अभिमननं नानांचे पाय धरले. मग नानांनी, अडखळत, पण एकही गोष्ट न गाळता, पुनीतचं सगळं बोलणं सांगितलं. अभिमनचा चेहरा उतरला. शेवंताबाईनं उठून दार लोटून घेतलं.

"मंग आते तिले आनानी?" ती म्हणाली. "आनी गावले काय सांगानं? चूक कोनी व्हती?"

"आई, फिल्म मिळाली की आणायचं, ठरलं तर तसंच होतं."

"ठरनं व्हतं! स्वतानी डिस्क स्वता मोडनारा फोटोवालाले कोन लगीननी ऑर्डर दी रे?"

अभिमननं माउस नुसताच इकडे-तिकडे फिरवला. मग म्हणाला, "नाना, पुनीतभाऊंचं हे बोलणं बाहेर नका काढू. धंद्याचा सवाल आहे."

"आणि ललिता?"

"बघू. दिवाळी होऊ दे."

शेठना फिल्म मिळाली. विदाई नाही म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, "चालेल. पोरगी गेलीच आहे ना." दिवाळी झाली, मोसम सुरू झाला. नवं गिऱ्हाईक आलं की अभिमन छातीवर हात ठेवून सांगू लागला, "काळजीच नको. आता यंत्राला घरातल्या कोणाचा हात लागू देत नाही." लोकांना ते पटायचं. ऑर्डरी वाढल्या. नानांनी पानटपरीवर खरं सांगून पाहिलं, तर झुलाल टपरीवाला म्हणाला, "राहू द्या नाना. हार्डडिस्क म्हणजे एसटीचा टायर आहे का तुम्हाला कळायला?"

मग नाना चोपड्याला गेले. ललिता बसस्टँडबाहेर केळीचे वेफर तळणाऱ्याकडे कामाला होती. त्यांना पाहून तिनं हात पुसले, पदर सारखा केला.

"डिस्क उघडली का नाना?"

"उघडली. लग्न मिळालं."

तिचं तोंड उजळलं. नानांनी घाईघाईनं पुढचं सांगितलं. कुंकू नाही, पाणी नाही, वायर. उन्हाळ्यापासूनची. तुझ्या हातून काहीच झालेलं नाही.

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. तेलाचे चटके होते. "मी तेव्हापासून कुंकवाच्या करंड्याला हात लावला नाही," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "यांना माहीत आहे हे?"

"आहे."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

तेव्हा होळी जवळ आली होती. ललितानं कढईतला झारा उचलला, वेफर निथळले, कागदाच्या पुडीत भरून नानांच्या हातात दिले. जळगावची गाडी लागली होती.

"डावीकडं बसा नाना, उजवीकडं ऊन येतं."

"बरं. मीठ आहे ना यात?"

"आहे."