लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावरचं बिल

उमापुरात सत्यशीला म्हणून विचारलं तर चार जण चार दिशा दाखवतील. कारडवाली म्हटलं, की मारुतीच्या देवळामागचं पत्र्याचं घर सगळे बरोबर सांगतात.

कार्ड खरं तर तिचं नव्हतंच, नवऱ्याचं होतं. राधाकिशन एसटीत कंडक्टर. पगार जमा होतो त्या बँकेनं त्याला क्रेडिट कार्ड पाठवलं, तेव्हा त्यानं ते पाकिटासकट कपाटात टाकलं. "उधारीचा पत्रा हाय तो. हात लावू नको," म्हणाला.

सत्यशीलानं आठ दिवस हात लावला नाही. नवव्या दिवशी पाकिटातला कागद काढून वाचला. शिक्षण चकलांब्याच्या शाळेत दहावीपर्यंत, पण गणितात ती कधी मागं नव्हती. कागदावर लिहिलेलं तिला कळलं ते असं: महिनाभर जो खर्च होतो तो कार्डावर करा, बिल आलं की ठरल्या तारखेच्या आत सगळं भरून टाका, व्याज एक पैसा नाही. वर दर खर्चावर थोडे पॉइंट. आणि वर्षभरात लाखाच्या वर खर्च झाला, बाराची बारा बिलं वेळेत भरली, तर वर्षाच्या शेवटी पाच हजारांचे पॉइंट एकदम. त्या पॉइंटचे रुपये होऊन बिलातून वजा होतात. एक जरी बिल तारखेच्या पुढं गेलं तर पाच हजारांचं नाव काढायचं नाही.

तिनं कागदाची घडी घातली आणि सासूकडं पाहिलं. तुळजाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. बाहेर गॅसची गाडी कर्णा वाजवत उभी होती, त्यांना पत्ताच नव्हता.

तुळजाबाईंना सहा वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात बीडला डॉक्टरांनी त्यांच्या कानात मशीन घालून पाहिलं होतं. पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत म्हातारीनं दवाखान्यातला पंखा ऐकला, शेजारच्या बाकावरच्या बाळाचं रडणं ऐकलं, आणि सून शेजारी बसून हळूच "कसं वाटतंय आत्या?" म्हणाली तेही ऐकलं. मग किंमत ऐकली. आठ हजार. त्यांनी स्वतःच्या हातानं मशीन काढून टेबलावर ठेवलं. "आता काय ऐकायचं ऱ्हायलंय माझं," म्हणाल्या आणि चपला घालून बाहेर पडल्या.

सत्यशीलाच्या मुलीच्या लग्नाचं उरकून घर नुकतंच सावरत होतं. आठ हजार कुठून तरी निघाले असते, पण मग तुळजाबाईंनी ते मशीन कानात घातलंच नसतं. पोराच्या ताटातलं काढून आपल्या कानात घातलं असं त्यांना जन्मभर वाटलं असतं. सत्यशीला त्यांना ओळखून होती. म्हणून तिनं ठरवलं, मशीन पॉइंटांतूनच येईल. घरातला एक रुपया जास्तीचा जाणार नाही, आणि मग आत्यांना नाही म्हणायला जागाच राहणार नाही.

रात्री तिनं राधाकिशनला कागद दाखवला. त्यानं दोनदा वाचला. "लोक बुडालेत ह्याच्यात," म्हणाला.

"जे जास्तीचं घेतात ते बुडतात. आपल्याला जे घ्यायचंच हाय तेच घ्यायचं. तेल घ्यायचंच हाय ना? गॅस घ्यायचाच हाय ना?"

"आन् पैसे खर्चून बसलो तर बिल कशानं भरायचं?"

त्यावर तिनं उत्तर आधीच तयार ठेवलं होतं. पगार झाला की ती घरखर्चाची रक्कम रोख काढून आणायची, आणि कार्डानं जेवढा खर्च होईल तेवढ्या नोटा त्याच दिवशी एका स्टीलच्या डब्यात टाकायची. डब्याला हात लावायचा नाही. म्हणजे बिल येण्याआधीच बिलाचे पैसे तयार. शिवणाचे जे पैसे यायचे तेही त्यातच. डबा देवघरात, देवीच्या फोटोमागं.

अशी वर्षाची सुरुवात झाली. लाइट बिल, रिचार्ज, मोटारसायकलचं पेट्रोल, सासूच्या गोळ्या, सगळं कार्डावर. शेजारच्या विमलबाईंचा गॅससुद्धा सत्यशीला आपल्या कार्डावर बुक करायची, विमलबाई रोख आणून द्यायच्या, नोटा डब्यात, पॉइंट सत्यशीलाचे. किराणा बंकटच्या दुकानातून. बंकटनं पहिल्याच महिन्यात सांगितलं, "कारडावर दोन टक्के जास्त लागतील, वहिनी. मशीनवाले कापतात."

"मंग माझा फायदा तुमीच खाल्ला की," सत्यशीला म्हणाली. पिशवी उचलली आणि पुढचे दोन महिने किराणा गेवराईच्या मोठ्या दुकानातून आणला. तिसऱ्या महिन्यात बंकट स्वतः घरी आला. "दुकानात या, वहिनी. दोन टक्के ऱ्हाऊ द्या. तुमी गेल्या तर विमलबाईबी गेल्या, त्यांची जाऊबी गेली."

तेव्हापासून बिल भरायचं कामही बंकटकडंच. ती डब्यातली रोख त्याच्या गल्ल्यात द्यायची, तो आपल्या फोनवरून कार्डाचं बिल भरायचा. राधाकिशनच्या खात्यात पगारानंतर आठ दिवसांनी पाहण्यासारखं काही उरतच नसे, कारण सगळं आधीच डब्यात असे. अकरा बिलं वेळेत गेली. दर वेळी शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी. तारीख ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवायची.

बारावं बिल दिवाळीत आलं.

दिवाळीच्या आधी घराला रंग दिला. रंगाच्या दिवशी भिंती मोकळ्या केल्या, कॅलेंडर उतरवून गाद्यांच्या मागं ठेवलं, आणि त्यानंतर चकल्या, करंज्या, दोन ब्लाउजची घाई, कापूस वेचायला आलेल्या बाया, यात ते गाद्यांच्या मागंच राहिलं. लाल गोलही तिथंच.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सत्यशीलानं चौरंग मांडला. लाल कापड, तांब्यावर नारळ, नवी केरसुणी, साळीच्या लाह्या, बत्तासे. घरात जे धन असेल ते लक्ष्मीपुढं ठेवायचं, ही पद्धत. तिची दोन डोरली, चांदीचं नाणं, आणि डब्यातल्या सगळ्या नोटा. हळद-कुंकू वाहिलं, आरती झाली. तुळजाबाईंना आरती ऐकू येत नव्हती, पण त्या सुनेच्या ओठांकडं पाहून टाळ्या वाजवत होत्या, एक टाळी मागं. हे पाहून सत्यशीलाच्या मनात आलं, पुढच्या दिवाळीला आत्या बरोबर टाळी देतील. देवीला तिनं तेवढंच मागितलं.

नमस्कार करून उठते तोच फोन वाजला. राधाकिशन नगरच्या स्टँडवरून बोलत होता. दिवाळीची गर्दी, त्याला पुण्याची ड्यूटी लागली होती.

"ऐक की. मला आत्ता मेसेज आलाय. बिल भरलं न्हाई का तू?"

"कोणतं बिल?"

"कारडाचं! आज शेवटची तारीख हाय. अकरा हजार सहाशे चाळीस. रात्री बारापर्यंत."

सत्यशीलानं मोकळ्या भिंतीकडं पाहिलं. आधी कॅलेंडर आठवलं, मग गाद्या. मग डोळ्यांपुढं आलं ते मशीन, डॉक्टरांच्या टेबलावर काढून ठेवलेलं.

"तुमच्या खात्यात काय हाय?"

"तीनशे. डेपोत सगळ्यांचं तसंच हाय, बोनस कपड्यात गेला. तुझ्याकडं डब्यात हायेत की! बंकटला दे."

तिनं चौरंगाकडं पाहिलं. पैसे डब्यात नव्हते, चौरंगावर होते. आणि लक्ष्मीपूजनाला मांडलेला पैसा सकाळपर्यंत हलवत नाहीत. दिवे लागल्यावर एरवीही कुणी घरातून पैसा काढून देत नाही, आज तर लक्ष्मीचीच रात्र. तिच्या आईनं कधी केलं नव्हतं, तिनंही पंचवीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

"अगं बोल की! गाडी सुटायलीय."

"बघते," म्हणाली आणि फोन ठेवला.

तुळजाबाई समईत तेल घालत होत्या. सुनेचा चेहरा पाहून त्यांनी बाटली खाली ठेवली. "काय झालं? राधाकिशन बरा हाय ना?"

सत्यशीला कानाशी वाकली. "बरे हायेत! बिल ऱ्हायलं भरायचं!"

"काय?"

"बिल! कारडाचं! आज भरायचं व्हतं!"

"मंग भर की!"

"पैसे पूजेत हायेत, आत्या! चौरंगावर!"

हे तिसऱ्या ओरडण्यात तुळजाबाईंना कळलं, आणि पहिल्याच ओरडण्यात सगळ्या गल्लीला. विमलबाई पणती हातात धरून दारात येऊन उभ्या राहिल्या. "आज लक्ष्मी घराभाईर काढायची? न्हाई गं बाई, सत्यशीला. जाऊ दे ते पॉइंट."

तुळजाबाईंनी विमलबाईंचं काही ऐकलं नाही. त्या चौरंगावरच्या नोटांकडं पाहत होत्या. मग त्यांनी विचारलं, "हे पैसे कुणाचे?"

"म्हंजे?"

"तेल आपुन खाल्लं. गोळ्या मी खाल्ल्या. पेट्रोल जळलं. सगळं घेऊन झालं. आन् हे पैसे ज्याला द्यायचेत त्याचेच ना?"

"व्हय! कारडवाल्यांचे!"

"मंग दुसऱ्याची लक्ष्मी आपल्या चौरंगावर कावून बसवलीस?" म्हातारीनं पदर डोक्यावर घेतला, देवीला हात जोडले आणि नोटा उचलल्या. डोरली आणि नाणं तसंच ठेवलं. "हे आपलं, ह्याला हात लावायचा न्हाई. हे त्यांचं, जा, त्यांच्या घरी पोचव. मागं वळून बघू नको."

विमलबाई आ वासून पाहत राहिल्या. मग त्यांनीच सत्यशीलाच्या पायाखालची पायरी दाखवायला पणती पुढं धरली.

बंकटच्या दुकानात वह्यांची पूजा नुकतीच उरकली होती. गल्ल्यावर झेंडूचा हार, काट्याला कुंकू. सत्यशीलाला पाहून तो पेढा घेऊन पुढं आला. तिनं काम सांगितलं तसा पेढा हातातच राहिला.

"आज न्हाई, वहिनी. सकाळी सहाला भरतो. आज माझ्या खात्यातनं रुपाया जायचा न्हाई. बापजाद्यांपासून हाय हे."

"मी रोख आणलीय की! पूजेतली हाय."

"ते येणं झालं. फोनवरून पाठवलं की जाणं झालं."

"जेवढं येतंय तेवढंच जातंय, बंकटभाऊ."

"म्हणून काय झालं?"

सत्यशीलानं नोटा त्याच्यापुढं धरल्या. ती एवढंच म्हणाली, "म्हातारीच्या कानाचं मशीन हाय त्याच्यात. वर्ष झालं जमवतेय. तिला ठाऊकबी न्हाई. तिनं स्वतः उचलून दिले हे."

बंकटनं नोटा पाहिल्या. हळदीनं पिवळ्या झालेल्या, एकीवर कुंकवाचं बोट उमटलेलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अशा नोटा दारात आल्या आणि दुकानदारानं परत पाठवल्या, हे त्यालाही जड वाटलं असावं. त्यानं गल्ला उघडला. "आधी ह्याच्यात टाका. तुमच्या हातानं."

तिनं टाकल्या. मग त्यानं फोन काढला, बिलाचं पान उघडलं, आणि फोन तिच्या हातात दिला. "रक्कम तुमीच लिवा. मी न्हाई पाठवत. पिन तेवढा टाकतो, पर बघत न्हाई."

आणि खरंच, त्यानं देवीच्या फोटोकडं तोंड करून, डोळे मिटून पिन दाबला. तो चुकला.

"बघून टाका की हो!"

"थांबा, थांबा." दुसऱ्यांदा त्यानं एक डोळा उघडला.

पडद्यावर गोल फिरायला लागलं. बाहेर कुणीतरी फटाक्यांची लडी लावली, तिचा आवाज संपला तरी गोल फिरतच होतं. सत्यशीलानं मनातल्या मनात देवीचं नाव घ्यायला सुरुवात केली, ते अकरा वेळा झालं, आणि पडद्यावर हिरवी खूण आली. तरी ती हलली नाही. मिनिटभरानं तिचा फोन वाजला.

"मेसेज आला!" राधाकिशन ओरडत होता, मागं बस घरघरत होती. "पैसे मिळाले म्हणतेत! आजच्या तारखेत! झालं, झालं, बाराबी झाली!"

ती दुकानाच्या फळीला टेकून उभी राहिली. बंकटनं पेढा परत पुढं केला. तिनं एक खाल्ला, एक आत्यांसाठी मागून घेतला.

पॉइंट लगेच आले नाहीत. दिवाळी गेली, ऊसतोडीच्या गाड्या गेल्या, आणि एका सकाळी राधाकिशनच्या फोनवर आकडा आला. आठ हजार एकशे साठ. तो आकडा त्यानं आईच्या डोळ्यांपुढं धरला आणि सत्यशीलानं कानाशी ओरडून सगळं सांगितलं, वर्षभराचं. तुळजाबाईंनी पुन्हा पुन्हा एकच विचारलं, "पोराच्या पगारातलं न्हाई ना?" दोघांनी मिळून मान हलवली. मग त्या उठल्या आणि चपला शोधायला लागल्या.

बीडहून परत येताना बस भरलेली होती. तुळजाबाईंना खिडकीजवळ जागा मिळाली, शेजारी सत्यशीला, पलीकडं आष्टीकडची एक अनोळखी बाई. गढीच्या आधीच त्या बाईनं विचारलं, "कुठल्या गावच्या म्हणायच्या?" सवयीनं सत्यशीला उत्तर द्यायला वळली, तेवढ्यात तुळजाबाईंनीच सांगितलं, "उमापूरच्या. तुमी?" आणि दोघींचं सुरू झालं. सुना, गुडघे, कापसाचा भाव, कोणाची लेक कुठं दिली. एकही वाक्य कुणाला परत सांगावं लागलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच सत्यशीलाला मधे बोलायचं काम उरलं नव्हतं. थोडा वेळ ती नुसती ऐकत बसली. मग तिनं समोरच्या सीटच्या दांडीवर डोकं टेकलं, आणि गेवराईच्या स्टँडवर सासूनं हलवून उठवीपर्यंत ती गाढ झोपली होती.